फिनिश नावाचं गाव

कोल्हापुरात हल्ली जो माणूस पळत नाही, त्याला काहीतरी दुखणं असणार असं लोक धरून चालतात. पूर्वी उलटं होतं. भल्या सकाळी कोणी पळताना दिसला तर बायका दारात येऊन विचारायच्या, "काय झालं ओ? कोण गेलं?" आता रविवारी रंकाळ्यावर जाऊन बघा. अंगाला चिकटलेले पोपटी कपडे, मनगटावर डबीएवढं घड्याळ, आणि चेहऱ्यावर असा भाव की हा माणूस थांबला तर शहराचा पाणीपुरवठा बंद पडेल. तलावाला फेरी मारून झाली की हीच मंडळी मिसळीच्या दुकानासमोर उभी असतात आणि जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट कटाबरोबर पोटात भरून घेतात. याला फिटनेस म्हणतात.

मी पळत नाही. मी कॉलेजात भूगोल शिकवायचो, आता निवृत्त आहे. 'पर्यटन आणि क्रीडा यांचा भूगोल' नावाचा एक पेपर बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होता, तो माझ्याकडे असायचा. खेळ कुठं वाढतात, पर्यटक कुठं जातात, त्यांच्यामुळं तिथल्या समाजाचं काय होतं, असा तो विषय. पोरं तो पेपर आनंदानं घ्यायची, कारण त्यांना वाटायचं सहल असेल. सहल नसे. मग पोरंही नसत.

अशा माणसाकडे एका संध्याकाळी पृथ्वीराज आला, यातच पुढचं सगळं आलं. पृथ्वीराज आमच्या मंगळवार पेठेतलाच, आमच्या समोर राहतो, टाइल्सचं दुकान आहे. मुंबईला जाऊन एका मॅरेथॉनमध्ये पळून आल्यापासून त्याचं चालणंच बंद झालंय. दूध आणायलाही पळत जातो. पिशवी फुटली की परत पळत जातो.

"सर," तो उंबऱ्यातच जागच्या जागी उड्या मारत म्हणाला, "आपण मॅरेथॉन घ्यायची. गगनबावड्याला. पाऊस, धुकं, धबधबं! बाहेरगावचं पब्लिक नुसतं तुटून पडतंय बघा. डेस्टिनेशन मॅरेथॉन!"

"जुलैत?" मी म्हणालो. "अरे, तिथं जुलैत स्वतःचा हात दिसत नाही."

"तीच तर मजा हाय की! आणि रूट तुम्ही ठरवायचा. तुमच्यासारखा भूगोलाचा माणूस असताना आम्ही अडाण्यांनी कशाला डोकं घालायचं? रूट डायरेक्टर तुम्ही!"

इतकी वर्षं मी ज्या शास्त्राची सेवा केली, त्याची गरज जगाला शेवटी पडली होती. मी चहा टाकायला सांगितला.

बातमी गल्लीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. कोपऱ्यावरच्या पिराजीमामांचं म्हणणं, शर्यत नृसिंहवाडीला ठेवा, दत्ताचं दर्शन होतंय. मी म्हणालो, जुलैत वाडीला पाणी चढतं, पोहावं लागेल. "मग पोहण्याची ठेवा की," मामा म्हणाले, "तुमचं कायतरी अडतंयच." दुसऱ्या एकानं सुचवलं की पळणाऱ्यांना मधे मधे तांबडा-पांढरा रस्सा द्यावा, म्हणजे कोल्हापूरची ओळख राहील. तिसऱ्याला मॅरेथॉनमध्ये म्हशी पळवायच्या होत्या.

मग परवानग्या. एका कार्यालयात सांगितलं, हे पर्यटन आहे, आमच्याकडे नाही. पर्यटनाचं बघणाऱ्या दुसऱ्या कार्यालयातल्या बाईंनी अर्जाकडे न बघताच विचारलं, "पळणार का बघणार?"

"पळता पळता बघणार," पृथ्वीराज म्हणाला.

"मग आधी पळण्याची परवानगी आणा. बघायचं मग बघू."

मी त्यांना समजावायला गेलो की क्रीडा आणि पर्यटन हे वेगळे नाहीतच, यावर आख्खा पेपर आहे, मी शिकवलाय. बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "सर, माझा हाच पेपर राहिला होता," त्या म्हणाल्या, आणि पुढच्याला बोलावलं.

शेवटी सगळ्या परवानग्या एका दिवसात मिळाल्या, कारण मधे अमरसिंहदादा पडले. दादा अजून कुठंही निवडून आलेले नाहीत, पण निवडून आल्यासारखे वागायची त्यांना चांगली सवय आहे. त्यांनी मांडव दिला, जनरेटर दिला, टी-शर्ट दिले आणि बॅनर लावले. बॅनरवर दादा होते, दादांचे वडील होते, दादांचा मुलगा होता. मॅरेथॉन कुठं लिहिलीय ते शोधावं लागत होतं. मी तयार केलेला नकाशा खालच्या कोपऱ्यात, दादांच्या बुटाशेजारी छापला होता.

घरात वेगळंच चाललं होतं. माझ्या बायकोनं, अंजनानं, छोट्या धावेत नाव घातलं होतं.

"तू?" मी हसलो. "तू कुठं पळतेस?"

"अजून कुठंच न्हाय," ती पिठाचा डबा झाकत म्हणाली. "म्हणूनच घातलंय."

मी पुन्हा हसलो. मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट ती घालून बघत होती. त्या बुटांत पंजाबी ड्रेस घातलेली बायको बघून कोणीही हसलंच असतं, असं माझं तेव्हाचं प्रामाणिक मत होतं.

मॅरेथॉनच्या सकाळी गगनबावडा नेहमीप्रमाणे दिसतच नव्हता. पाऊस वरून पडत नव्हता, आजूबाजूनं येत होता. रस्त्यावर आडवी एक भली मोठी हवा भरलेली रबरी कमान उभी केली होती. तिच्यात पंख्यानं सतत हवा सोडावी लागते, नाहीतर ती बसते. कमानीखालून सुटायचं, कोल्हापूरच्या दिशेनं जायचं, ठरलेल्या खुणेला वळायचं आणि त्याच कमानीत परत यायचं. इतका सरळ रूट शेंबडं पोरही चुकणार नाही, असं मी भाषणात म्हणणार होतो. पण भाषण दादांचं होतं आणि दादा आलेच नव्हते.

बाहेरगावची माणसं थंडीनं काकडत होती. अर्ध्यांनी स्वतःचे फोटो काढून पळण्याचं मुख्य काम उरकून घेतलं होतं. दादांची वाट बघून शेवटी पृथ्वीराजनं शिट्टी मारली आणि धुक्यानं सगळ्यांना गिळलं. अंजना जाताना मला म्हणाली, "येते ओ." बाजारात निघाल्यासारखी.

थोड्या वेळानं दादा आले. त्यांच्याशिवाय मॅरेथॉन सुटली हे कळल्यावर त्यांचा चेहरा टाइल्ससारखा झाला. मग कोणीतरी तोड काढली की भाषण आत्ता करावं, पळणारे परत येईपर्यंत होईल. माईक लावला तर आवाज येईना. जनरेटर एकच, आणि तो एकतर कमान उभी ठेवणार किंवा दादांना बोलकं करणार.

"कमानीला दहा मिनिटं विश्रांती द्या," दादांचा माणूस म्हणाला आणि त्यानं पंख्याची वायर उपटली. कमान म्हैस पाण्यात बसावी तशी सावकाश खाली बसली आणि रस्त्यावर पसरली.

मांडवातल्या खुर्च्या मोकळ्या होत्या. व्हिडिओत मोकळ्या खुर्च्या दिसायला नकोत, म्हणून शेवटच्या रेषेवर उभी केलेली, पाण्याच्या टेबलावरची, पदकं घेऊन थांबलेली अशी सगळी माणसं आणून बसवली. मांडव गळत होता. माझ्या हातात छत्री आली. कोणी दिली आठवत नाही, पण अशा वेळी ती सुशिक्षित माणसाच्याच हातात येते. मी दादांच्या मागं, छातीवर इंग्रजीत 'डायरेक्टर' लिहिलेला टी-शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून, छत्री धरून उभा राहिलो.

दादा पर्यटनावर बोलले, रोजगारावर बोलले, गगनबावड्याचं स्वित्झर्लंड करण्यावर बोलले. दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली. मधूनच रस्त्याच्या बाजूनं चपक चपक असे आवाज येत होते. मला वाटलं पाऊस वाढला. शास्त्राचा माणूस असूनही मला तसं वाटलं.

भाषण संपलं, वायर पुन्हा जोडली, कमान उठली. तिच्या पाठीवर चिखलानं भरलेल्या बुटांचे ठसे होते. शेकड्यांनी. सगळ्या ठशांचे चवडे कोकणाकडे.

पृथ्वीराज उड्या मारायचा थांबला. मी त्याला प्रथमच स्थिर बघितलं.

घाटाच्या तोंडाशी तानाबाईचं चहाचं खोपटं आहे. आम्ही धावत, म्हणजे पृथ्वीराज धावत आणि मी त्याच्या मागं अपमानित होत, तिथं पोचलो.

"मावशी, इकडनं पळणारी माणसं गेली का?"

"गेली की. सगळी खाली गेली," तानाबाई चुलीत फुंकर घालत म्हणाली. "म्या इचारलं, आवं पावणं, एवढ्या पावसाचं कुठं निघालायसा? तर एकजण म्हणतोय, फिनिश. म्या म्हटलं, असंल कोकणात कुठलं तरी गाव."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? सरळ जावा म्हटलं. खालीच असंल."

गगनबावड्याला सह्याद्रीची धार आहे. अलीकडे पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराकडे जातो आणि पलीकडे पडलेला अरबी समुद्राकडे, हे मी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं. आमचे स्पर्धकही त्याच नियमानं पलीकडे वाहून गेले होते. त्यातही घाटाच्या तोंडाला दोन फाटे आहेत, एक करूळचा, एक भुईबावड्याचा. मंडळी दोन्हीकडून गेली होती. पृथ्वीराज वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, एका जीपमधून भुईबावड्याकडे गेला, मी दुसऱ्या जीपमधून करूळकडे.

तोपर्यंत माझ्या मनात मॅरेथॉन होती, इज्जत होती, पेपरातला मथळा होता. जीप घाटात वळली, काचेबाहेर नुसतं पांढरं दिसायला लागलं, खाली दरी आहे हे फक्त माझ्या ज्ञानामुळं कळत होतं, आणि तेव्हा मला अंजना आठवली. मुलीचे जुने बूट. तळवे पार गुळगुळीत झालेले. मी ड्रायव्हरला हळू चालव म्हणालो, मग लगेच जोरात चालव म्हणालो.

"दोन्ही एकदम जमत न्हाय सर," तो म्हणाला.

दोन्ही जमायचा प्रश्नच उरला नाही, कारण पुढं घाट बंद होता. रविवार. एका धबधब्यापाशी बाहेरगावच्या गाड्या रस्त्यावर आडव्या-तिडव्या लावलेल्या, दारं सताड उघडी, प्रत्येक गाडीत वेगळं गाणं, आणि त्या सगळ्या गाण्यांवर एकच नाच. एक माणूस बनियनवर, कड्याच्या कठड्यावर उभा राहून चिप्स खात होता आणि मोकळी पिशवी निसर्गाला परत करत होता. कणसं, बाटल्या, ओले टॉवेल. वर्गात मी याला 'पर्यटनाचे सामाजिक परिणाम' म्हणायचो आणि फळ्यावर तीन मुद्दे लिहायचो. मुद्दे फारच सभ्य होते.

या गर्दीत आमचे स्पर्धकही होते. काही गाड्यांच्या डिकीत बसून भजी खात होते. पर्यटक त्यांच्या छातीवरचे नंबर धरून फोटो काढून घेत होते. मी एकाला विचारलं, "अहो, तुम्हाला शेवट चुकला हे कळलं नाही?"

"सर, उतार इतका भारी ठेवलाय तुम्ही!" तो म्हणाला. "रूट एकदम कडक!"

आयुष्यात मिळालेली माझी एवढी एकच व्यावसायिक स्तुती.

अंजना त्यांच्यात नव्हती. मी जीप सोडली आणि उतरू लागलो. प्रत्येक वळणावर कठड्यापाशी थांबून खाली बघत होतो, आणि खाली काही दिसत नव्हतं म्हणून हाका मारत होतो. माझ्या हाकांना पर्यटक ओरडून उत्तर देत होते. त्यांना तो खेळ वाटला. वाटेत एक म्हातारा गुराखी भेटला, त्यानं खाली हात केला. मी जवळजवळ पळत होतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

घाट संपतो तिथं, पायथ्याच्या गावात, एका घराच्या पडवीत गर्दी दिसली. मधे खुर्चीवर अंजना बसली होती. पाय गरम पाण्याच्या बादलीत, मांडीवर नारळ, खांद्यावर टॉवेल, हातात पेजेची वाटी. धावण्याची शर्यत आपल्या गावात आली असा गावानं समज करून घेतला होता आणि पहिली आलेली बाई म्हणून तिचा सत्कार उरकला होता.

"गे बाय, खाऊन घे," एक म्हातारी तिला म्हणत होती. "घोव इलो काय तुझो?"

"आला," अंजना म्हणाली.

ती सुखरूप होती. म्हणून मी रागावलो. "तुला काही कळतं का? आम्ही वर जीव मुठीत धरून! कमान बसली होती, धुकं होतं, मान्य. पण एवढं सगळं उतरून येईपर्यंत तुला शंका आली नाही?"

"कसली शंका? मला दिसलं की सगळं." ती शांतपणे पेज पीत होती. "कमान खाली पडलीया, माणसं मांडवात बसल्याती. तुम्हीबी दिसलासा. दादाच्या मागं छत्री धरून उभा होतासा."

पडवीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"मग थांबली का नाहीस?"

"थांबणारच होते. तेवढ्यात उतार लागला." तिनं बादलीतले पाय हलवले. "थोडं पळाले, थोडं चालले. कुणी हाक मारंना, कुणी काय मागंना. मग कशाला थांबायचं?"

तेवढ्यात एक हवालदार आला. "ह्ये लोक तुमचे? परवानगी खंय आसा?"

"आहे ना. कोल्हापूर जिल्ह्याची."

"ह्यो सिंधुदुर्ग." त्यानं माझा टी-शर्ट वाचला. "डायरेक्टर तुम्ही? मगे हंयसर पळूक तुम्हीच धाडल्यात!"

मी सुटकेची वाट शोधत असतानाच रस्त्यावर एसटीचा भोंगा ऐकू आला. कोल्हापूरला जाणारी गाडी बराच वेळ घाटाच्या पायथ्याशी अडकून पडली होती. आत एका म्हाताऱ्याचं डोकं त्याच्या सुनेनं मांडीवर घेतलं होतं. म्हाताऱ्याच्या पोटात कळा येत होत्या, कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचं होतं. वर पर्यटक नाचत होते, म्हणून गाडी हलत नव्हती.

"दर रविवारी असाच," कंडक्टर म्हणाला. "तक्रार करून करून थकलो."

हवालदार एकटा होता आणि त्याची हद्द अर्ध्या घाटात संपत होती. अंजनानं पाय पुसले, बूट घातले आणि माझ्याकडे बघितलं. "अवो, ती शिट्टी वाजतीया का नुसतीच?"

मग मी जे केलं ते मी आधी कधी केलेलं नव्हतं. एसटीच्या पुढं चालत घाट चढायला लागलो आणि शिट्टी मारायला लागलो. धुक्यातून 'डायरेक्टर' लिहिलेला, चिखलानं भरलेला, भडकलेला माणूस बाहेर येताना बघून पर्यटकांना काय वाटलं देव जाणे. बहुतेक एखाद्या खात्याचा साहेब वाटला असेन. "गाडी काढ! दार लाव! गाणं बंद!" मी ओरडत होतो, आणि लोक खरोखर ऐकत होते! वर्गात कधी असं झालं नव्हतं. भजी खाणारे आमचे स्पर्धक उतरून गाड्या बाजूला ढकलू लागले. बनियनवाला कठड्यावरून उतरला आणि मला सॉरी सर म्हणाला. मी त्याला पिशव्या गोळा करायला लावल्या. त्यानं केल्या.

मधेच पृथ्वीराजचा फोन. "सर, माझी माणसं सापडली सगळी, चालत येत्यात वर, मी आधी मांडवात आलोय. पण इथं दादा थांबल्यात. पदकं कुणाला द्यायची? पळणारं कुणीच न्हाय, म्हणून मांडवातल्या लोकांना देऊन टाकतो. आणि सर, दादा म्हणत्यात, दोन जिल्ह्यांत झालेली म्हणून पेपरात देऊया. पुढच्या वर्षी मुद्दामच खाली नेऊ!"

मी उत्तर म्हणून शिट्टी वाजवली आणि फोन ठेवला.

धबधबा मागं पडला. पुढं रस्ता मोकळा दिसला. माझ्या पायांत गोळे आले होते, छाती भात्यासारखी चालली होती. आता एसटीत बसावं म्हणून मी बाजूला झालो, हात वर केला आणि थांबण्यासाठी जोरात शिट्टी मारली.

इतका वेळ प्रत्येक शिट्टीला पुढं सरकणाऱ्या ड्रायव्हरनं हीसुद्धा तशीच घेतली. त्यानं मला मानाचा सलाम केला, गियर बदलला आणि गाडी माझ्या शेजारून घरघरत वर निघून गेली. दाराशी आमचे स्पर्धक लोंबकळत होते. म्हाताऱ्याच्या शेजारच्या खिडकीत अंजना बसली होती. तिनं एका हातानं म्हाताऱ्याचं डोकं सावरलं, मला बघून दुसरा हात बाहेर काढला आणि ओरडली,

"चढ हाय ओ! सावकाश या!"